निरोपाची तालीम घेणाऱ्या बाईंना

बाई, मी तुमच्यावर रागावलोय. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर चार ओळी वाचून तुम्ही म्हणाल, "काय गुरुजी, आज लई गोड लिवलंय, काय काम हाय?" काम काही नाही. भांडण आहे.

परवा शाळेच्या व्हरांड्यात तुमची शोकसभा झाली. फोटो कुठला लावला होता ठाऊक आहे? तुमच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून आणलेला, ज्यात तुम्ही फोटोग्राफरची उत्तरपत्रिका तपासताय असं वाटतं. त्या फोटोकडं हात करून आपले नवे मुख्याध्यापक म्हणाले, "एक हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपलं." मी बसल्या जागी दात-ओठ खाल्ले. तेरा वर्षं आपण शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं, तुमची पहिली, माझी दुसरी, मधे नुसता एक फळ्यांचा पडदा. तेरा वर्षांत मी तुम्हाला हसताना मोजून चार वेळा पाहिलं, आणि त्यातल्या दोन वेळा मी पायरीवरून घसरलो होतो. पुढचे वक्ते म्हणाले, "मनमिळाऊ." तेव्हा मात्र मी उठून नळावर जाऊन तोंड धुऊन आलो. कांबळे बाई आणि मनमिळाऊ! एवढी खोटी स्तुती मीसुद्धा कधी केली नाही, आणि खोटं बोलण्यात कबनूरपासून गडहिंग्लजपर्यंत माझा हात धरणारा कोणी नाही, हे तुम्हीच चारचौघांत जाहीर केलं होतंत.

पण माझा राग त्या वक्त्यांवर नाही. तुमच्यावर आहे. बाई, तुम्ही न सांगता गेलात. जिच्यासाठी तुम्ही उभ्या कबनूरच्या आया उन्हात उभ्या केल्यात, तीच लबाडी तुम्ही केलीत.

सुरुवातीच्या वर्षांत दर जूनला काय व्हायचं आठवा. पहिल्या दिवशी आई पोराला वर्गात बसवायची, म्हणायची, "मी हितंच भाईर उभी हाय हं," आणि पोरानं फळ्याकडं तोंड फिरवलं की पदर सावरत पळ काढायची. मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला वेळेवर पोचायचं असायचं तिला, तिचंही काही चुकत नव्हतं. पोर मागं बघायचं. आई नाही. मग जो टाहो फुटायचा! तुम्ही मात्र पोराला सोडून आईच्या मागं पळायचात. एकदा तर सरळ यंत्रमागाच्या कारखान्यात घुसलात आणि त्या बाईला कांडीच्या यंत्रावरनं उठवलंत. मालक आडवा आला, "ओ बाई, चालू पाळीत कुठं नेताय तिला?" तुम्ही म्हणालात, "चालू पाळीत पोराला फसवून आलीया. परत येऊन, 'जातो' म्हणून सांगून, मग बसू दे कामाला." तुमच्या त्या आवाजानं अठ्ठेचाळीस माग एकदम थांबले असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण थांबले असते तर मला नवल वाटलं नसतं.

त्या आईला तुम्ही वर्गाच्या दारात उभं केलंत आणि सांगितलंत, "त्याच्या डोळ्यांत बघून सांग. रडू दे त्याला. तुझ्या तोंडावर रडू दे. पाठीमागं रडतंय ते लई वाईट असतंय."

ही तुमची शिकवण. आणि दिवाळीपासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही मिरजेची गाडी धरायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "बहीण हाय मिरजेत." मी टवाळी केली, "बारा वर्षं ही बहीण कुठं होती हो? आता जन्मली काय?" तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत आणि चालू लागलात. मी ती टवाळी सहा महिने केली, बाई. दर शनिवारी. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या रांगेत तुम्ही बसत होतात ते मे संपता संपता तुमच्या अनिलनं फोनवर सांगितलं, तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा म्हणाला, "गुरुजी, आईनंच सांगितलं होतं, कुणाला बोलायचं न्हाय."

कुणाला म्हणजे? मी कुणीतरी आहे काय?

तर भांडण हे, आणि ते मिटवायला तुम्ही शिल्लक नाही, म्हणून कागदावर. पण नुसतं भांडणासाठी मी बसलो नसतो. माझ्यापुढं संकट आहे. आज रविवार. उद्यापासून तुमची तालीम सुरू होते. सव्वीस पोरं फाटकात येणार. दाखल होणाऱ्या पोरांच्या यादीसाठी तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी फिरलात आणि त्या सव्वीस पोरांना एकेक करून भेटून आलात, दरवर्षीसारख्या. ती पोरं तुम्हाला ओळखतात. त्यांना शाळा ठाऊक नाही, तुम्ही ठाऊक आहात. ती पहिलं वाक्य बोलणार ते हे, की बाई कुठं हायत. आणि समोर मी असणार.

तालीम हा शब्द कोल्हापूरकडच्या माणसाला सांगावा लागत नाही, पण पहिलीच्या पोरांची तालीम घेणारी वस्ताद तुम्ही एकट्याच. शाळा उघडायच्या आधीचा आठवडा. पाटी नाही, पुस्तक नाही. पहिल्या दिवशी नुसतं फाटक: आत या, बाहेर जा, परत आत या. दुसऱ्या दिवशी नळ आणि मुतारी. "मुतारी कुठं हाय ते ज्याला ठावं, त्यो निम्मा पास," हे तुमचं बालमानसशास्त्र, आणि माझ्या डी.एड.च्या जाडजूड पुस्तकात ते कुठंही नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून निरोपाची तालीम. आईनं पोराच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "मी जातो, आन् येतो." फाटकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. तिसऱ्या खेपेला दिसेनासं व्हायचं. पोरांना घड्याळ कळत नाही म्हणून तुम्ही त्यांना वेळ सांगायचात ती अशी: "एक गाणं म्हणायचं, डबा खायचा, हात धुवायचं, एक गोष्ट ऐकायची, की आई." आणि गोष्ट संपली की आई खरोखर दारात असायची. ती नसली तर तुम्ही गोष्ट संपवायचातच नाही. एका गोष्टीतली म्हातारी लेकीकडं निघाली ती आपल्या फळ्यांच्या पडद्याआड पाऊण तास चालतच होती, कारण कुणाची तरी आई पाळीत अडकली होती. मी दुसरीला पाढे सांगत होतो आणि माझा अख्खा वर्ग म्हातारी पोचली का म्हणून कान देऊन बसला होता.

आया सुरुवातीला हसायच्या. एक आई इतकी लाजली की 'जातो' म्हणून जी गेली ती थेट माहेरीच पोचली, असं मी चार गावांत सांगितलं आहे. पण शिवाप्पाची गोष्ट मात्र शंभर टक्के खरी, तुम्ही साक्षीला होतात. मागावर चढवायचं सुताचं बीम, म्हणजे दोन माणसांचं ओझं, एकट्यानं खांद्यावर टाकणारा गडी. मानेला घट्टे, मिशीला पीळ. पोराला म्हणाला, "जातो आन् येतो." पोर म्हणालं, "जावा." आणि हा पठ्ठ्या फाटकापर्यंत जाऊन दगडाला धरून जो ढसाढसा रडायला लागला! पोर बघतच राहिलं. तुम्ही वहीत लिहिल्यासारखं करत म्हणालात, "पोरगं पास. बाप नापास. उद्या बापाला परत आणा." तो तीन दिवस येत होता, बाई. तिसऱ्या दिवशी पास झाला तेव्हा त्यानं पेढे वाटले. ही तुमच्या हसण्यातली तिसरी वेळ.

आणि ती शांततेची भानगड. दुसऱ्या कुठल्या गावात असती तर कुणाला पटली नसती. मी गडहिंग्लजकडच्या डोंगरातल्या शाळेतून बदलून आलो तेव्हा मला वाटायचं, पोरं आईसाठी रडतात, तर रडू देत, दोन दिवसांत गप होतात. तुम्ही म्हणालात, "गुरुजी, तुमच्या गावात पोरं आवाजाला भ्यायची. हितली आवाज थांबला की भित्यात." कबनूरचं पोर पोटात असल्यापासून मागाची खडखड ऐकतं. झोळीत झोपतं ती खडखडीच्या तालावर. माग थांबले म्हणजे लाईट गेली, नाहीतर काहीतरी मोडलं, नाहीतर घरात भांडण लागलं. असं पोर आपल्या शाळेच्या मागच्या गार, शांत वर्गात नेऊन बसवलं की त्याला वाटणार, इथं नक्की काहीतरी वाईट झालंय. मग तुम्ही पहिलीचा वर्ग रस्त्याकडच्या खोलीत हलवलात, जिच्या खिडकीसमोर कारखाना आणि जी कुणी फुकट घेत नव्हतं. रडं निम्म्यावर आलं. पण शेजारचा वर्ग माझा! त्या दिवसापासून मी ओरडून शिकवतोय. आज माझा आवाज ऐकून कुत्री रस्ता बदलतात, त्याला जबाबदार तुम्ही. ह्याचाही हिशेब राहिलाच.

आता हत्तीचं. मला ठाऊक आहे तुम्ही वाट बघताय.

माझं मत तेरा वर्षं एकच होतं. लहान पोराला शाळेत आणायचं तर थोडी थाप मारावी लागते. त्यात वाईट काय? राणी नावाची पोरगी. घराच्या चौकटीला अशी चिकटली होती की ओढली असती तर चौकटीसकट आली असती. तुम्ही त्या वर्षी आठ दिवस प्रशिक्षणाला गेला होतात, म्हणून तिला आणायला मी गेलो. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि कानात म्हणालो, "शाळेत हत्ती आणलाय. पांढरा. फक्त पहिलीच्या पोरांनाच दिसतो." राणीनं चौकट सोडली. माझा हात धरून नाचत आली. गल्लीतल्या बाया बघत राहिल्या, काय जादू हाय म्हणून. मला वाटलं, राज्य पुरस्कार ठेवलेलाच आहे.

दिवसभर ती पोरगी हत्ती शोधत होती. वर्गात, संडासाच्या मागं, खिचडीच्या खोलीत, माझ्या कपाटात. शाळा सुटताना म्हणाली, "गुरुजी, न्हाय." नुसतं एवढंच. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी सुताच्या गठ्ठ्यांमागं लपली, ती दुपारी सापडली. पुढं जुलैत आली, बसायला लागली, पण एका शब्दावर विश्वास ठेवायची नाही. 'दोन आणि दोन चार' म्हटलं की माझ्याकडं अशी बघायची की मलाच शंका यायची. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "गुरुजी, तुमी हत्ती दाखवाय नेलंसा. आता ह्या पोरीला मी 'अ' दाखवतोय, तर ती 'अ'च्या मागं बघाय लागलीया, खरा हाय का म्हणून."

तेव्हापासून आपलं भांडण. मी म्हणायचो, बाई, तुमचं खरं फार कडू असतं. सहा वर्षांच्या पोराला कशाला सांगायचं, की शाळेत तुला कधी कधी कंटाळा येईल, कुणीतरी ढकलेल, मला राग येईल पण मी मारणार नाही? घाबरेल ते! तुम्ही म्हणायचात, "आधी कळलेलं भ्या वेगळं, आन् अचानक आलेलं वेगळं." मी म्हणायचो, सिद्ध करा. तुम्ही म्हणायचात, डबा खावा.

सिद्ध तुम्ही एकदाच केलंत, तेही भांडण म्हणून नाही. डबा खाता खाता. तुमचं गाव मुरगूडकडचं. घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर पुढच्याच वर्षी तुम्हाला शाळेत घातलं. आदल्या दिवशी वडिलांनी समोर बसवून सांगितलं: उद्या तुला पाणी वरनं ओततील. मास्तर तुझी पाटी हातात घेणार न्हाईत, छडीनं सरकवतील. पोरं काय काय म्हणतील, ते शब्द हे. आणि वडिलांनी ते शब्द एकेक करून उच्चारले, म्हणालात तुम्ही, स्वतःच्या लेकीपुढं, स्वतःच्या तोंडानं. "रडायचं न्हाय असं म्हणत न्हाय. पण नवल वाटून घिऊ नको. चूक तुजी न्हाय." आणि मग तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "सगळं तसंच झालं. मला नवल वाटलं न्हाय, म्हणून मी टिकलो. माझ्याबरोबरच्या दोघी आठ दिवसांत घरला गेल्या. त्यांना सांगितलं होतं, शाळा लई छान असती."

त्या दिवशी मी अर्धा डबा तसाच बंद केला आणि घंटेआधीच वर्गात जाऊन पाढे सुरू केले. बाई, आमच्याही गावच्या शाळेत पाणी वरनं ओतत होते. पाचवीत असताना तांब्या माझ्या हातात असायचा. मॉनिटर होतो मी, मोठा मान होता त्याचा. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. त्यानंतर अकरा वर्षं डबा शेजारी बसून खाल्ला, तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी मीच संपवली, आणि हे तेवढं जमलं नाही. हजार खोट्या गोष्टी सांगितल्या, ही एक खरी राहिली. म्हणूनच तुमच्या न सांगता जाण्याचा मला इतका संताप येतो. तुम्ही आधी सांगितलं असतं, तर मीही सांगितलं असतं. वेळ आहे असं वाटलं म्हणून ठेवून दिलं.

राग आणखी एक. तीन वर्षांपूर्वी शिक्षण कार्यालयातले ते साहेब आले होते, तालमीच्या आठवड्यात. "सुट्टीत शाळा कुणाच्या परवानगीनं उघडली?" तुमच्याकडं लेखी खुलासा मागितला. तुम्ही एका ओळीचा खुलासा दिलात: 'पोरं रडत होती म्हणून उघडली.' मला म्हणालात, "अजून काय लिवू?" मी म्हणालो, थोडं फुगवून लिहा, मी लिहून देतो, हत्ती घालू का? त्या खुलाशावर साहेबांनी तुम्हाला ताकीद दिली होती. आणि परवा शोकसभेत त्याच कार्यालयातून आलेलं पत्र वाचून दाखवलं, 'त्यांचा उपक्रम सर्वांना प्रेरणादायी राहील.' जिवंत बाईला ताकीद, मेलेल्या बाईला प्रेरणा! मी उठून विचारणार होतो, ती ताकीद परत घेतली काय? शेजारच्या पवार सरांनी माझा शर्ट धरून ठेवला. शर्ट फाटला. खरंच फाटला, बाई, ह्यात वाढीव काही नाही.

आणि आता माझं संकट. गेले चार दिवस माझ्या घरी रांग लागली आहे. आया, बाप, एक आज्जी, स्वतः मुख्याध्यापक. सगळ्यांचं एकच. "गुरुजी, पोरास्नी बाई वारल्या म्हणून सांगू नगा. ल्हान हायती. गावाला गेल्यात म्हणून सांगा." मी म्हणालो, गावाला म्हणजे परत कधी येणार? "येतील येतील म्हणायचं. चार दिवसांनी इसरत्यात." शिवाप्पासुद्धा आला, आता त्याचं धाकटं आहे ह्या वर्षी. तो तर म्हणाला, "तुमाला काय अवघड हाय ओ गुरुजी? तुमी तर हत्ती दाखवला हुता."

बाई, मला आयुष्यात कुणी असं थोबाडीत मारलं नव्हतं. गावाला एक खोटं हवंय आणि गाव बरोबर दुकानात आलंय!

एक मेला निकाल लावून आपण निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "यंदा तालीम तुमी घ्या." मी म्हणालो, "मी? मी तिसऱ्या दिवशी सर्कस आणीन." तुम्ही हसलात. ही चौथी वेळ. मला वाटलं माझ्या विनोदाला हसलात. तुम्ही म्हणालात, "आणा. पण मग खरंच आणा." आणि छत्री काढून उन्हात चालत गेलात, हळूहळू, दोनदा थांबत. मी म्हटलं, बाईंचं वय झालं. बघा माझी अक्कल.

म्हणजे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं. मग एप्रिलमध्येही ठाऊक असणार. आणि हेच मला खातंय, हेच खरं भांडण आहे, बाकी सगळा पाल्हाळ. एप्रिलमध्ये त्या सव्वीस घरांत जाऊन, एकेका पोरासमोर बसून तुम्ही काय सांगितलंत? दरवर्षी सांगायचात तेच? 'जूनमध्ये मी फाटकात असन'? सांगितलं असेल तर ते खोटं होतं, बाई. सव्वीस वेळा खोटं. माझा एक हत्ती, तुमचे सव्वीस.

*

हे इथवर काल लिहिलं. आज सोमवार. दुपार आहे. सांगतो.

सकाळी आठला फाटकात गेलो. पोरं उभी, मागं आया, त्यांच्या मागं काही बाप. आया मला डोळ्यांनी खुणावत होत्या. शिवाप्पा लांबून हात हलवून सांगत होता, गावाला, गावाला. पोरांना मी दिसलो तशी ती माझ्या मागं बघायला लागली, तुम्ही येताय का म्हणून. मी उकिडवा बसलो. रात्रभर पाठ केलेलं वाक्य आठवेना. म्हणालो, "बाई येणार न्हाईत."

माझा तो आवाज, ज्याला कुत्री भितात, तो कुणाला ऐकूच गेला नाही. एक पोरगी पुढं आली. आफरीन तिचं नाव, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. म्हणाली, "मोठ्यानं बोला की ओ."

मग मोठ्यानं बोललो. "बाई आजारी हुत्या. बाई वारल्या. परत येणार न्हाईत. त्यांच्या जागी मी आलोय." कारखान्यातल्या दोघांनी खिडकीतनं डोकं काढलं. एका आईनं तोंडाला पदर लावला. मी वाट बघत होतो, आता सव्वीसच्या सव्वीस टाहो फोडणार.

आफरीन म्हणाली, "म्हंजे बाई न्हाईत आता."

"न्हाईत."

"मग तुमी ते शेजारच्या वर्गातलं गुरुजी."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाईंनीच. घरी आलत्या तवा. म्हणल्या, मी लई आजारी हाय. जूनला मी असन, न्हायतर नसन, डाक्टरला बी ठावं न्हाय. नसलो तर शेजारच्या वर्गातलं गुरुजी फाटकात येतील. आवाज मोठा हाय, भ्यायचं न्हाय."

"आमच्यात बी सांगितलं!" मागून एकजण ओरडला. शिवाप्पाचं धाकटं ते. "खोटं लई बोलत्यात म्हणल्या. पण येत्यात वेळेवर."

"आमच्यात बी!" "आमच्यात बी आलत्या!"

सगळीकडून हात वर. आया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आफरीनची आई कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया, मी च्या टाकाय आत गेलतो तवाच सांगितलं वाटतं! आन् तू मला बोलली न्हाईस गं?"

आफरीन तिच्याकडं बघून म्हणाली, "तू म्हणलीस बाई गावाला गेल्यात. मला वाटलं, तुला ठावं न्हाय. तुला वाईट वाटंल म्हणून गप बसलो."

शिवाप्पा पाठ फिरवून उभा राहिला. तो पुन्हा नापास झालाय, त्याला उद्या बोलावलं आहे.

म्हणजे तुम्ही सव्वीस घरं फिरलात. त्या उन्हात, त्या दुखण्यात, दोन पावलं चाललं की थांबत. आई चहा टाकायला आत जाईपर्यंत वाट बघितलीत, आणि सव्वीस वेळा, एकेकाच्या डोळ्यांत बघून, निरोप घेतलात. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलंत, आणि मोठी माणसं रडत बसतील म्हणून आम्हाला वगळलंत. तुमचं बरोबर होतं. हे वाक्य मी तेरा वर्षं अडवून धरलं होतं, घ्या. सगळ्याच बाबतीत बरोबर होतं.

पण माझा राग गेलेला नाही, बाई. सहा वर्षांच्या आफरीनला मिरजेचा दवाखाना, आणि मला मिरजेची बहीण?

तेच बहुतेक माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती पोरगी माझ्यापुढं तशीच उभी होती, डोकं तिरकं करून मला निरखत. म्हणाली, "तुमाला सांगितलं न्हाय व्हय बाईंनी?"

"न्हाय."

तिनं थोडा विचार केला. मागं वळून बाकीच्यांना हातानं थांबा अशी खूण केली. मग मला म्हणाली, "मग तुमी आदी रडून घ्या की. आमी थांबतो."

थांबली, बाई. सव्वीसच्या सव्वीस.